झटका आल्यानंतरचे सरकार

महाराष्ट्र सरकारने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या टप्प्यासाठी राज्यातले आठच जिल्हे निवडले होते. त्या आठांत रायगड होता. पुढे २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, त्यानंतर काही वर्षांनी दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले आणि ती सर्वच शिधापत्रिकाधारकांना खुली झाली. हृदयविकाराचा झटका आलेल्या गरीब माणसाची अँजिओप्लास्टी सरकारी खर्चाने व्हावी, ही सोय रायगडच्या किनाऱ्यावर राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या आधी पोचली. ही चांगलीच गोष्ट झाली. तिने अनेक कुटुंबांची शेते सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचवली, हे मान्य करायलाच हवे.

या तेरा-चौदा वर्षांत मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या गावांत एक शब्द मात्र चांगलाच रुळला. तो म्हणजे ‘ब्लॉकेज’. कुणाला दोन निघाले, कुणाला तीन, कुणाला नव्वद टक्के, हे आता लग्नाच्या मांडवात पंगतीला बसल्या बसल्या सांगितले जाते. जणू गावकीतला नवा मानच. पण ज्याला तीन ब्लॉकेज निघाले त्या गृहस्थाला, ते निघण्याआधीच्या तीस वर्षांत आपले कोलेस्टेरॉल किती होते असे विचारून पाहा. बहुधा उत्तर येते, ‘कधी बघितलेच नाही.’ झटका आल्यावर सरकार येते. झटक्याच्या आधीची तीस वर्षे सरकारही कुठे नसते आणि आपणही नसतो. या लेखाचा विषय ती तीस वर्षे आहेत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. २००८ ते २०२० या काळात देशभरातल्या १,१३,०४३ माणसांना तपासून काढलेला अंदाज असा, की भारतात सुमारे २१ कोटी ३० लाख लोकांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे. प्रौढांत हे प्रमाण २४ टक्के येते. रक्तातल्या स्निग्ध द्रव्यांचा या ना त्या प्रकारचा बिघाड धरला, तर ८१ टक्के प्रौढ त्यात बसतात. राज्यवार पाहिले तर कोलेस्टेरॉलमध्ये पहिला क्रमांक केरळचा, ५०.३ टक्के. मधुमेहात पहिला क्रमांक गोव्याचा, २६.४ टक्के. दोन्ही आपल्याच किनाऱ्यावरची राज्ये. कोकण त्या दोघांच्या शेजेला. किनारा म्हणजे मासे, मासे म्हणजे निरोगी हृदय, असे सोपे समीकरण मांडणाऱ्यांनी हे आकडे एकदा समोर ठेवावेत.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. ते शरीराला हवेच असते. पेशींच्या भिंती, पित्तरस आणि काही संप्रेरके त्याशिवाय होत नाहीत. त्यातले बहुतांश आपले यकृतच बनवते, थोडे अन्नातून येते. रक्त पाण्यासारखे आणि कोलेस्टेरॉल मेणासारखे, म्हणून त्याला वाहून न्यायला वाहने लागतात. त्यांतले एक एलडीएल. ही वाहने रक्तात फार झाली, की धमनीच्या अस्तरात शिरतात, तिथे अडकतात, आणि त्याभोवती थर साचत जातो. हे विशीत सुरू होते, दुखत नाही, खुपत नाही. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि धमनी मिनिटांत बंद होते. यकृताच्या पेशींवर या एलडीएलला पकडून आत घेणारे आकडे असतात, हे ब्राउन आणि गोल्डस्टाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी शोधले. त्यांना १९८५ चे नोबेल मिळाले. काही घराण्यांत जन्मतःच हे आकडे कमी किंवा निकामी असतात. मग चाळिशीच्या आत बाप जातो, काका जातो, आणि गाव म्हणते, ‘त्या घराला शाप आहे.’

एलडीएलचा आकडा किती, याइतकेच तो किती वर्षे तसा राहिला यालाही महत्त्व आहे. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मुद्दल लहान असले तरी मुदत लांबली की चक्रवाढ व्याज काय करते, हे त्याने पाहिलेले असते. १४० एलडीएल घेऊन तीस वर्षे हिंडणारा धडधाकट माणूस आणि सत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच १४० वर पोचलेला माणूस यांचा अहवाल सारखाच दिसतो. त्यांच्या धमन्या सारख्या नसतात.

म्हणूनच कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे महत्त्वाची आहेत. या विषयावर भारतीयांसाठी म्हणून काढलेली ती पहिलीच. त्यांनी एकाच आकड्याने सगळ्यांना मोजणे सोडून दिले. सामान्य धोका असलेल्या माणसाचे एलडीएल १०० च्या खाली असावे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, धोका जास्त असलेल्या माणसाचे ७० च्या खाली. ज्याला झटका किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, त्याचे ५५ च्या खाली. पहिली तपासणी अठराव्या वर्षी, घरात लवकरच्या हृदयविकाराचा इतिहास असेल तर त्याही आधी. नेहमीच्या तपासणीसाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. शहरातल्या माणसाला ही क्षुल्लक सवलत वाटेल. पहाटेची एसटी धरून तालुक्याला येणाऱ्या बाईला ती तशी वाटणार नाही. आणखी एक सूचना आहे ती लायपोप्रोटीन ‘ए’ या घटकाची, आयुष्यात एकदा तरी तपासणी करण्याची. तो घटक जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक. पथ्याने तो हलत नाही. भारतीयांत तो वाढलेल्यांचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आहे.

रायगडच्या किनाऱ्याला हे लागू पडते ते एका विशिष्ट कारणाने. इथला माणूस अंगाने काटक. कोळी, आगरी, भंडारी, वाडीवाले, कुठेही पाहा. पोट सुटलेला हृदयरोगी हे मुंबईचे चित्र इथे नेहमी जुळत नाही. ‘मला कसला कोलेस्टेरॉल? माझ्या अंगावर मांस तरी आहे का?’ हा प्रश्न इथल्या दवाखान्यांत सर्रास ऐकू येतो. पण एलडीएल वजनकाट्यावर दिसत नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून २००७ साली असे पुढे आले, की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका येण्याचे वय सरासरी ५३ आहे. इतर देशांत ते ५९ च्या आसपास. सहा वर्षांचा हा फरक म्हणजे धाकट्या मुलीचे लग्न व्हायचे असताना जाणे आणि झाल्यावर जाणे, यातला फरक.

आता खाण्याकडे वळू. या किनाऱ्याला तेलाचा इतिहास आहे आणि तो मोठा गोड आहे. नवगाव, अलिबाग, रेवदंडा या भागात शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायली ज्यू तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी बैल सुटलेले आणि घाणा बंद; म्हणून त्यांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. अलिबागच्या इस्रायल आळीत आणि रेवदंड्यात त्यांची प्रार्थनामंदिरे अजून उभी आहेत. आठवड्यातून एक दिवस तेल निघायचेच नाही अशी ती व्यवस्था होती. घाण्याचे तेल महाग आणि थोडे. ते पळीने नव्हे, बोटाने वापरले जाई. माश्याच्या कालवणात तेल नावापुरते, बाकी चिंच, कोकम, वाटण. हिवाळ्यातली पोपटी तर सगळ्यांना ठाऊक आहे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, हौस असेल तर कोंबडी, आणि बाहेरून जाळ. तेलाचा थेंब नाही, पाण्याचाही नाही. वालाच्या बिरड्यात जो विरघळणारा तंतू असतो तो एलडीएल थोडा खाली आणतो, हे आता सर्वमान्य आहे. आपल्या आज्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना वाल स्वस्त पडे.

नारळाविषयी मात्र आपल्याकडे दोन टोकांची भांडणे चालतात. एक पक्ष म्हणतो, नारळ हाच खलनायक. दुसरा म्हणतो, खोबरेल तेल म्हणजे अमृत, आणि परदेशी कंपन्यांनी रिफाइंड तेल खपवण्यासाठी त्याची बदनामी केली. दुसऱ्या पक्षाचे संदेश सध्या मोबाइलवर जास्त फिरतात. वस्तुस्थिती अशी, की खोबरेल तेलातली सुमारे नव्वद टक्के स्निग्धता संपृक्त असते. ते शेंगदाणा, करडई यांसारख्या तेलांच्या जागी वापरले तर एलडीएल वाढते. २०२० साली अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात हेच निघाले. पण किसलेले ओले खोबरे, त्याच्या चोथ्यासकट, आमटीला लावणे ही गोष्ट वेगळी आणि वाटीभर तेलात तळणे वेगळे.

प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ आणि पुकापुका या बेटांचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. टोकेलाऊच्या लोकांची ६३ टक्के ऊर्जा नारळातून येत होती, त्यांचे कोलेस्टेरॉल पुकापुकापेक्षा जास्त होते, तरी हृदयरोग दोन्हीकडे विरळा होता. मासे, कंदमुळे, होड्या वल्हवणे असे ते जगणे होते. साखर आणि मीठ फार कमी. त्यांच्यातले जे न्यूझीलंडला स्थायिक झाले त्यांच्या आहारातला नारळ कमी झाला, आणि तरीही धोक्याची लक्षणे वाढली. नारळाचे वकील या अभ्यासाचा पहिला अर्धा भाग सांगतात आणि दुसरा विसरतात.

आपले बेट तर जागेवरच आहे. त्यावरचे जगणे बदलले. एके काळी नारळ-सुपारीची वाडी म्हणजे अंगमेहनत होती. शिंपणे, आळी करणे, झाडावर चढणे, सोलणे. वाडीला कर्ज देताना आम्ही बँकवाले झाड फळाला यायला किती वर्षे लागतील ते आधी मोजत असू. नारळाला सहा-आठ वर्षे सहज जातात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आदळले आणि पिढ्यांच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. ज्यांनी पुन्हा लावल्या त्यांची झाडे आता कुठे फळाला येऊ लागली असतील. ज्यांनी लावल्या नाहीत त्यांनी खोल्या बांधल्या किंवा जमीन विकली. अलिबाग तालुक्यात तर जमिनीची विक्री हाच कित्येक वर्षे मुख्य व्यवसाय आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारीसकट बोट येते, जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे. भाव आणखी चढले. जमीन विकलेल्या घरात दुचाकी येते, मग चारचाकी, मग घरपोच मागवलेले जेवण. पाहुण्यांसाठी सुरमई तळली जाते, मालकाच्या ताटातही तीच येते, आणि कढईतले तेल सकाळचेच असते. बांगडा आणि तारली, ज्यांत हृदयाला उपकारक असे तेल खरोखरच भरपूर असते, ते मासे हलके समजले जातात. कोळंबीला लोक भितात, कारण तिच्यात कोलेस्टेरॉल असते. तिच्यातली संपृक्त चरबी अगदी कमी असते आणि रक्तातल्या एलडीएलवर अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा परिणाम मोठा असतो. कोळंबी बिचारी निर्दोष आहे, दोष कढईचा.

कढईत काय असते, हा मात्र दिल्लीचा प्रश्न आहे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलोवर गेला आहे. चौघांच्या घराला महिना साडेसहा किलो, बाहेरचे खाणे धरून. यातले निम्म्याहून अधिक तेल आयात होते आणि आयातीत मोठा वाटा पाम तेलाचा, ज्यातली जवळपास निम्मी स्निग्धता संपृक्त असते. २३ फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी तेल दहा टक्के कमी खाण्याचे आवाहन केले. त्याच सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये देशात पामची लागवड वाढवण्यासाठी ११,०४० कोटींची योजना मंजूर केलेली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के झाले, मे २०२५ अखेर ते १० वर आले. शेतकऱ्याला भाव हवा तेव्हा शुल्क वर, महागाई बोचली की खाली. यात परकीय चलनाचा विचार आहे, मतांचा आहे. हे तिन्ही तेल एकाच मापाने मोजले जातात, म्हणजे धमन्यांचा विचार त्यात कुठेही नाही. सरकारला एक श्रेय मात्र द्यायला हवे. वनस्पती तुपातल्या आणि इतर तेलांतल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली. लोकांना उपदेश न करता केलेला हा बदल शंभर भाषणांपेक्षा उपयोगी आहे.

पथ्याने एलडीएल किती उतरते? मन लावून केले तर थोडे, कधी बऱ्यापैकी. ज्याचा आकडा १७० आहे त्याला ते बहुधा पुरत नाही. तिथे गोळी येते, आणि गोळीबरोबर भीती येते.

स्टॅटिन वर्गातल्या या गोळीचा उगम बुरशीत आहे. जपानमधल्या अकिता प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा अकिरा एन्डो याने १९७१ पासून दोन वर्षे सहा हजारांहून अधिक बुरशींची चाळण केली. त्याला हवे ते सापडले तांदळावर वाढलेल्या एका निळसर-हिरव्या बुरशीत. यकृतातली कोलेस्टेरॉलनिर्मिती ती रोखत होती. यकृताला स्वतःचे पुरेना की ते रक्तातले एलडीएल ओढून घेते, असा हा हिशेब. १९८७ साली या वर्गातले पहिले औषध अमेरिकेत बाजारात आले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीने सिद्ध केले, की सुमारे साडेपाच वर्षांत मृत्यू ३० टक्क्यांनी घटतात. एन्डो जून २०२४ मध्ये, नव्वदाव्या वर्षी वारले. नोबेल त्यांना मिळाले नाही. भात खाणाऱ्या कोकणाने तरी त्यांचे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

‘ही गोळी एकदा सुरू केली की जन्मभर सुटत नाही, स्नायू झिजतात, यकृत जाते, मधुमेह होतो,’ हे इथे सुशिक्षितांकडूनही ऐकू येते. यातले खरे किती? काहींना स्नायूंचा त्रास होतो. क्वचित तो गंभीर असतो आणि औषध थांबवावे लागते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत मधुमेहाचे प्रमाण किंचित वाढते. पण २०२० साली लंडनमध्ये एक मार्मिक प्रयोग झाला. त्रासामुळे गोळी सोडलेल्या साठ जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने दिसायला तशीच पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे दिले गेले. खऱ्या गोळीने जितका त्रास झाला, त्याच्या ९० टक्के त्रास पोकळ गोळीनेही झाला. त्रास खोटा नव्हता, तो भीतीतून आला होता. ‘जन्मभर’ या शब्दाचे म्हणाल तर मीठही आपण जन्मभर खातो. रिपोर्ट सुधारला म्हणून गोळी बंद करणारे मला दर महिन्याला भेटतात. रिपोर्ट गोळीमुळेच सुधारला होता, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. दवाखान्यातल्या तीन मिनिटांत ते सांगायला वेळ कुणाला?

आता सरकारकडे परत येऊ. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्यात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची आशाताई माहिती घेते: वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातला आजारांचा इतिहास. पुढे उपकेंद्रात रक्तदाब, साखर आणि तीन प्रकारचे कर्करोग पाहिले जातात. कोलेस्टेरॉल या सार्वत्रिक तपासणीत नाही. खर्चाचा मुद्दा समजण्यासारखा आहे. पण रक्त न काढताही धोका मोजता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दक्षिण आशियासाठी तक्ते काढले आहेत. वय, तंबाखू, रक्तदाब, उंची-वजन एवढ्यावर पुढल्या दहा वर्षांचा अंदाज निघतो. ज्यांचा धोका जास्त निघेल त्यांचेच रक्त तपासावे. राज्यात २०१७ पासून महालॅब योजना आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रांतून नमुने गोळा होतातच.

आणि मग गोळी. इराणच्या गोलेस्तान प्रांतातल्या खेड्यांत पन्नाशीच्या पुढच्या सुमारे सात हजार लोकांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ साली आले. निम्म्या गावांत ॲस्पिरिन, स्टॅटिन आणि रक्तदाबाची औषधे एकाच गोळीत घालून दिली. पाच वर्षांत हृदयविकाराच्या मोठ्या घटना एक-तृतीयांशाने घटल्या. मोठे रुग्णालय नाही, अतिदक्षता विभाग नाही. खेडी, गोळी आणि पाठपुरावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली अशा एकत्रित गोळीला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. अशा गोळीवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांपैकी काही भारतातच झाल्या, हे विशेष. ॲस्पिरिन सरसकट द्यावी की नाही यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, कारण तिने रक्तस्राव होऊ शकतो. स्टॅटिन आणि रक्तदाबाच्या औषधाबाबत तेवढे नाहीत. ॲटोरव्हास्टॅटिन आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, ते देशात बनते आणि जेनेरिक दुकानांत स्वस्त मिळते.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर जनआरोग्य योजना एका रुग्णाच्या अँजिओप्लास्टीसाठी जेवढी रक्कम मोजते, तेवढ्यात कित्येक माणसांच्या वर्षानुवर्षांच्या गोळ्या होतात. पण गोळी ‘पॅकेज’मध्ये बसत नाही. ज्याला अजून काही झालेलेच नाही, त्याच्या नावावर फाइल उघडत नाही.

रायगडच्या दक्षिण किनाऱ्यावर हा प्रश्न अधिक टोकाचा होतो. श्रीवर्धन किंवा म्हसळ्यातल्या माणसाच्या छातीत रात्री दोनला कळ आली, तर मुंबई दीडशे किलोमीटरहून लांब. माणगावपर्यंत घाटवळणे, पुढे २०११ पासून रुंद होत असलेला मुंबई-गोवा महामार्ग. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण श्रीवर्धनहून तिथे जायचे तर मध्ये खाड्या. दिघी-आगरदांडा फेरी त्या वेळी नसते. पावसाळ्यात गेटवेची लाँच तर बंदच असते. बंद पडलेली धमनी पहिल्या दीड-दोन तासांत उघडली तर हृदयाचा स्नायू वाचतो. ते दीड-दोन तास इथे रस्त्यातच जातात. विमापत्र खिशात असते आणि माणूस माणगावलाही पोचलेला नसतो. दादरच्या माणसाने गोळी टाळली तर निदान चार इस्पितळे त्याच्या हाकेच्या अंतरावर आहेत.

येत्या ग्रामसभांत आरोग्यावरचा विषय बहुधा रुग्णवाहिकेचाच असेल; ती मागणी रास्त आहे. तिच्या जोडीला आणखी दोन मागण्या लिहून द्याव्यात. उपकेंद्रात चाळिशीपुढच्या सगळ्यांचा धोका त्या तक्त्यावर मोजला जावा, आणि धोका जास्त निघालेल्यांना स्टॅटिनची महिन्याभराची पट्टी रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर तिथेच मिळावी. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने गेली असेल, त्यांनी तर ग्रामसभेचीही वाट पाहू नये. न्याहारी करून ग्रामीण रुग्णालयात जावे, लिपिड प्रोफाइल करायला सांगावे आणि बरोबर घरातल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलालाही न्यावे.